चार लाखांत ट्रॅक कार? बुलढाण्यातून मांडलेला हिशोब

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मेहकरकडच्या एका मुलाचा मेसेज होता. आयटीआय झालाय, पाच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजवर हात काळे केलेत, चार लाख साठवलेत. स्वतःचं गॅरेज टाकायचंय. पण त्याआधी डोक्यात एक किडा आहे. तो म्हणतो, "सर, जुनी पोलो जीटी घेतो, तिची ट्रॅक कार बनवतो, रील टाकतो. तीच माझ्या गॅरेजची जाहिरात होईल."

असे मेसेज आता बरेच येतात, कधी पोलोसाठी, कधी अबार्थसाठी, कधी जुन्या स्विफ्टसाठी. माझं चिखलीत ऑटो पार्ट आणि ॲक्सेसरीजचं दुकान आहे, त्यामुळे हा किडा मला चांगला ओळखीचा आहे. त्याची टिंगल करणार नाही. ज्याला गाडीचं वेड नाही तो चांगला मेकॅनिक होत नाही, असं माझं मत आहे. पण वेड एका खिशात आणि भांडवल दुसऱ्या खिशात ठेवावं लागतं. या दोन खिशांत किती अंतर ठेवायचं, त्याचा हा लेख आहे.

आधी शब्द समजून घेऊ. हॉट हॅच म्हणजे घरगुती वापराची छोटी हॅचबॅक, पण इंजिन आणि सस्पेन्शन ताकदीचं. जगात हा प्रकार लोकप्रिय केला फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. ती १९७६ मध्ये बाजारात आली, ११० पीएस ताकद घेऊन. आठवडाभर बाजारहाट करा आणि रविवारी ट्रॅकवर पळवा, असा तो हिशोब. युरोपात अशी गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की स्वस्त होते, मग पोरं ती विकत घेतात, आतली सीटं काढतात, चांगले ब्रेक लावतात आणि ट्रॅकवर नेतात. जर्मनीत तर न्युर्बुर्गरिंगचा जवळपास २१ किलोमीटरचा जुना ट्रॅक ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कोणालाही वापरता येतो. यूट्यूबवर आपण जे व्हिडिओ बघतो ते बहुतेक तिकडचे असतात. तिकडे ट्रॅक घरापासून तास-दोन तासांवर असतो.

आपला ट्रॅक कुठे आहे?

इथेच सगळा हिशोब बदलतो. भारतात मोटार रेसिंगचे नावाजलेले ट्रॅक तीन. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला मद्रासचा ट्रॅक, १९९० पासून सुरू, ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१ किलोमीटरचा, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. बुलढाण्याहून तिन्ही साधारण हजार किलोमीटर किंवा त्याहून लांब. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. पण ते गाड्यांच्या चाचणीचं केंद्र आहे, कंपन्यांसाठी. "जवळच आहे, जाऊन येऊ" असं तिथे चालत नाही.

यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, समृद्धी आहे ना!" नाही भाऊ. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा तालुक्यांतून जातो, रस्ता गुळगुळीत आहे, सगळं खरं. पण तो रस्ता आहे. कारला १२० ची मर्यादा आहे, समोर ट्रक असतो, शेजारी कोणाचं तरी कुटुंब असतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसचा अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसं गेली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. रस्त्यावर गाडी "टेस्ट" करायची असेल तर हा लेख इथेच बंद करा, माझं काही म्हणणं नाही.

तर ट्रॅक हजार किलोमीटरवर. आता गाडी तिथे न्यायची कशी? ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर टाकून नेली तर फक्त जाण्या-येण्याचं भाडंच जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल. चालवत न्यायची तर ती रस्त्यावर चालणारी, कायदेशीर, पासिंग-विमा-पीयूसी सगळं जागेवर असलेली गाडी पाहिजे. आणि परत येताना पुन्हा हजार किलोमीटर तीच चालवायची आहे, हे विसरू नका. म्हणजे सीटं काढलेली, पिंजरा बसवलेली, कान फाडणारा सायलेन्सर लावलेली गाडी आपल्या कामाची नाही. ती यूट्यूबवर शोभते. बुलढाण्याच्या माणसाला पाहिजे ती निरोगी, साधी, ब्रेक आणि टायर चांगले असलेली गाडी, बाकी सगळं कंपनीचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलंय. ब्रेक पॅड चांगले टाकणं, त्याच मापाचे चांगले टायर टाकणं ही देखभाल झाली. इंजिन बदलणं, सायलेन्सर कापणं ही भानगड झाली.

विम्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. घरी जाऊन पॉलिसी उघडा आणि "वापराच्या मर्यादा" हा भाग वाचा. रेसिंग, वेगाची चाचणी, अशा वापराला आपल्याकडची नेहमीची मोटार पॉलिसी लागू नाही, असं तिथे छापलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर तो खर्च शंभर टक्के तुमचा. गाडी पूर्ण गेली तरी माझं दुकान चालू राहील का, पोरांच्या फीचे पैसे राहतील का, याचं उत्तर "हो" असेल तरच पुढे जा.

कोणती गाडी?

आनंदाची गोष्ट म्हणजे भारतातल्या नावाजलेल्या हॉट हॅच आपल्याच राज्यात बनल्यात. पोलो चाकणला, पुंटो रांजणगावला.

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, १७५ एनएम आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. शून्य ते शंभर ९.७ सेकंद, असा कंपनीचा दावा होता. गाडी मस्त आहे, वाद नाही. पण हा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. गरमी वाढली की त्याला त्रास होतो, आणि मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल बघून घाम फुटतो. मॅन्युअल पाहिजे असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय बघा, ११० पीएस आणि सहा गिअर. ट्रॅकसाठी ती जास्त बरी, पण नवी असल्यामुळे महाग. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि तेव्हापासून चांगल्या जीटीचा मालक भाव सोडायला तयार नसतो.

अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली, दिल्ली एक्स-शोरूम. १.४ लिटर टी-जेट टर्बो, १४५ बीएचपी, मागेही डिस्क ब्रेक. या किमतीत इतकी ताकद तेव्हा कोणी देत नव्हतं. खरी हॉट हॅच हीच. पण विकल्या गेल्या कमी, आणि फियाटने पुढे भारतातला गाड्यांचा धंदाच गुंडाळला. "फियाटचे पार्ट मिळतात हो" असं सांगणारा भेटेल. त्याचं अर्धं खरं आहे. १.३ मल्टिजेट डिझेलचे पार्ट मिळतात, कारण तेच इंजिन स्विफ्ट डिझेलमध्ये, टाटाच्या गाड्यांमध्ये लाखोंनी गेलं. टी-जेट पेट्रोल वेगळं प्रकरण आहे. माझ्या काउंटरवर त्याचा पार्ट मागितला तर मी ऑर्डर घेईन, पण तारीख देणार नाही.

त्याआधीची पॅलिओ १.६, २००१ ची, १०० पीएसची. तेव्हाच्या पोरांचं स्वप्न होतं ते. आज ती घ्यायची तर संग्रहासाठी घ्या, कामासाठी नको.

बलेनो आरएस, २०१७ ते २०२०. १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस. बॉडीचे, सस्पेन्शनचे बरेच पार्ट साध्या बलेनोचे चालतात, ही मोठी सोय. इंजिनाचे मात्र तिचे वेगळे.

आणि शेवटची माझी आवडती, जिला कोणी हॉट हॅच म्हणणार नाही: २००५ ते २०१० ची स्विफ्ट, १.३ लिटर पेट्रोल, ८७ बीएचपी. टर्बो नाही, फार इलेक्ट्रॉनिक्स नाही, वजन हजार किलोच्या आसपास. हेच १.३ चं इंजिन आपल्या देशातल्या एलजीबी फॉर्म्युला ४ या रेसिंग गाडीतही वापरलं गेलं, आणि नवशिके रेसर त्या गाडीत शिकले. म्हणजे मार सहन करणारं इंजिन आहे. शिवाय क्लच प्लेट, बुश, शॉकअप, बेअरिंग चिखली, खामगाव, मलकापूर कुठेही त्याच दिवशी मिळतं. न मिळालं तर अकोल्याहून संध्याकाळच्या गाडीने येतं.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्या मालाचा सप्लायर आपल्या पट्ट्यात नाही, तो माल कितीही चांगला असला तरी त्यावर दुकान उभं करू नये. गाडीचंही तसंच. ट्रॅकची गाडी पार्ट खाते. पार्टसाठी तीन आठवडे उभी असलेली अबार्थ चालणाऱ्या स्विफ्टपेक्षा नेहमी हळू असते.

बघायला गेल्यावर

पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कुठूनही गाडी घ्या, पण बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. स्टार्ट केल्या केल्या निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलचं झाकण उघडून खाली दुधासारखी साय दिसते का बघा. शक्य असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर गोड बोलून निघून या.

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बघा. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती सरळ आहे का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का. ट्रॅकवर वळणात गाडीची बॉडी पिळली जाते, तिथे वेल्डिंग करून जोडलेली गाडी नको. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर लिफ्टवर घेऊन खालून गंज बघा. आपल्या भागातली हवा कोरडी, इथल्या गाडीत तो त्रास कमी, पण धुळीचा एअर फिल्टर आणि तापलेलं रबर मात्र आपल्याकडे जास्त.

पुराची गाडी सीटबेल्टवर सापडते. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. लोक सीटं धुतात, कारपेट बदलतात, बेल्ट विसरतात.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. समजा २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी ट्रॅकवर नेणार नाही. किंमत ठरवताना नवीन चार टायर वजा करूनच बोला.

टर्बो गाडी असेल तर "रीमॅप केलंय का?" असा थेट प्रश्न विचारा. विकणारा अभिमानाने हो म्हणेल. त्याला ते वाढीव मूल्य वाटतं, तुम्ही ते झिजलेला क्लच आणि ताणलेला टर्बो म्हणून धरा.

आता कागद. परिवहनच्या ऑनलाइन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक, विमा, थकलेले चलन आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, त्यात ग्रीन टॅक्सही येतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढली. २००८ ची स्विफ्ट "८० हजारात" म्हणून घ्याल तर हे काम झालंय का, आधी बघा. झालं नसेल तर तो खर्च मालकाच्या किमतीतून कापा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, खूपच स्वस्त. कारण तिथे जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत. इथे आणून एमएच-२८ चा नंबर घ्यायचा तर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, आणि आरटीओच्या चकरा. सगळं मिळवलं की स्वस्ताई बऱ्याचदा गायब होते. दुसरी गंमत म्हणजे ग्रेटर नोएडाचा ट्रॅक त्याच एनसीआरमध्ये येतो. १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवत तिथे न्यायची असेल तर त्या दिवशीचा नियम काय आहे ते तपासूनच निघा. कोर्टात हा विषय सारखा पुढे-मागे होतोय.

पैसा ब्रेकवर घाला

जी पोरं दुकानात येतात ती पहिले विचारतात एअर फिल्टर, सायलेन्सर, रीमॅप. ब्रेकचं कोणी विचारत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ६० वरून थांबायला ब्रेकला जेवढी गरमी गिळावी लागते, त्याच्या चौपट १२० वरून. रस्त्यावर आपण असा जोराचा ब्रेक दिवसातून एखादवेळी मारतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत अनेकदा मारतो आणि मधे थंड व्हायला वेळच मिळत नाही. ही गरमी पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण ओल शिरलेल्या ऑइलसाठी हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. जुनं ऑइल ट्रॅकवर उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुम्ही पेडल मारता आणि पेडल सरळ खाली जातं. समोर वळण, आणि गाडी थांबत नाही. एक लिटर ताजं डॉट ४ आणि चांगले पॅड, हा या सगळ्या छंदातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

तीन-चार जोरदार फेऱ्या झाल्या की एक फेरी हळू मारा, ब्रेक न वापरता, हवा लागू द्या. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेला पॅड डिस्कला किंवा ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ओट लावा. टर्बो असेल तर लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या. आणि प्रत्येक वेळी ऑइलची काडी बघा.

हेल्मेट कारच्या रेसिंगसाठी मान्य असलेलं लागतं, बाइकचं आयएसआय हेल्मेट सगळीकडे चालत नाही. आयोजकाला आधी विचारा. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. नुसत्या ट्रॅक डेला नियम आयोजकाप्रमाणे असतात.

चार लाखांचा हिशोब

आता त्या मुलाच्या चार लाखांकडे येऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या गाडीप्रमाणे बदला, पण रकाने तेच राहतील.

समजा गाडी दोन लाखांची मिळाली. जुनी गाडी घेतली की पहिल्या मालकाने पुढे ढकललेली कामं आपल्या गळ्यात येतात: कूलंटचे पाइप, वॉटर पंप, बेल्ट, बुश, इंजिन माउंट, क्लच. त्याचे ६०,००० धरा. टायर २८,०००. पॅड, डिस्क, ऑइल १६,०००. हेल्मेट, हातमोजे, बूट १६,०००. ट्रान्सफर, विमा, पीयूसी १५,०००. मग पहिली ट्रॅकची फेरी. जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर, लिटरला १४ चा ॲव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर साडेसोळा हजारांचं पेट्रोल, ट्रॅकवर जळणारं वेगळं चारेक हजारांचं, कारण तिथे ॲव्हरेज चार-पाचवर येतो. टोल, जेवण, दोघांचा मुक्काम, ट्रॅकची फी मिळून ४५,००० सहज जातात. बेरीज ३ लाख ८० हजार. हातात उरले वीस हजार, आणि गाडी ट्रॅकवर फक्त एकदा गेली आहे.

एका ट्रॅक डेला पावणेचार लाख. गॅरेज? ते राहिलंच.

"पण सर, जाहिरात होईल ना!" जाहिरात कोणासाठी, हे विचारा. मेहकर-लोणारचा गिऱ्हाईक कोण आहे? बोलेरोवाला, इर्टिगावाला, टॅक्सीवाला, ट्रॅक्टरची ट्रॉली दुरुस्त करून मागणारा. त्याला ट्रॅक कारचा रील आवडेल, लाइक करेल, आणि ऑइल बदलायला जिथे दोनशे कमी घेतात तिथे जाईल. रील बघणारा पुण्याचा पोट्टा तुमच्याकडे सर्व्हिसिंगला येणार नाही. बघणारा आणि पैसे देणारा एकच आहे का, हे तपासल्याशिवाय जाहिरातीवर रुपया घालायचा नाही. हे मी गाडीबद्दलच नाही, किराणा दुकानाबद्दलही सांगतो.

शिवाय ही गाडी धंद्याच्या खात्यात टाकायचा मोह होईल. जीएसटीत छोट्या गाडीचं इनपुट क्रेडिट कलम १७(५) मुळे बहुतेक धंद्यांना मिळत नाही. मुद्राचं किशोर कर्ज ५ लाखांपर्यंत मिळतं, पण ते कॉम्प्रेसर, लिफ्ट, स्कॅनरच्या कोटेशनवर. त्यातून गाडी घेणं म्हणजे बँकेशी खोटं बोलून सुरुवात करणं. आणि दोन-चार गाड्या बनवून विकू असा विचार असेल तर लक्षात ठेवा, जीएसटी नोंदणी असलेल्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर आता १८ टक्के भरावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने ते ठरवलं.

मग मी त्याला काय सांगितलं? चार लाख गॅरेजचे. त्यांना हात नाही. गॅरेज सुरू झाल्यावर घरखर्च आणि हप्ता जाऊन जे उरेल त्यातून महिन्याला दहा हजार वेगळ्या खात्यात. दोन वर्षांत दोन लाख चाळीस हजार. त्यातले जास्तीत जास्त चाळीस टक्के गाडीला, म्हणजे ९६ हजार. त्यात जीटी येत नाही, जुनी १.३ स्विफ्ट शोधली तर सापडू शकते. राहिले १ लाख ४४ हजार. मजुरी स्वतःची, लिफ्ट स्वतःची, म्हणून मागची कामं ३५,००० त बसतील. टायर २०,०००, ब्रेक १०,०००, हेल्मेट वगैरे १६,०००, कागद १२,०००, पहिली फेरी ४५,०००. काठावर बसतं, पण बसतं. आणि गाडी गेली तरी गॅरेजचं शटर सकाळी नऊला उघडतं.

दोन वर्षं थांबायचं म्हणजे काही हात बांधून बसायचं नाही. चेन्नई-कोइम्बतूरला रेसिंग स्कूल आहेत, ती त्यांच्याच गाडीत शिकवतात. रेल्वेने जा, दोन दिवस शिका, परत या. गाडी त्यांची, टायर त्यांचे, बिघाडही त्यांचा. आपल्याला ट्रॅक खरंच आवडतो का, का नुसता व्हिडिओ आवडतो, हे तिथे दोन दिवसांत कळतं. स्पर्धांना मार्शल लागतात, तेही एक दार आहे. आत उभं राहून शिकायला मिळतं.

आणि या सगळ्यात मला जो खरा धंदा दिसतो तो गाडीत नाही, वर लिहिलेल्या तपासणीत आहे. कॉम्प्रेशन गेज, स्कॅनर, ब्रेक ऑइलमधली ओल मोजायचा छोटा टेस्टर, रंगाची जाडी मोजायचं यंत्र. एवढं घेऊन जुनी गाडी घेणाऱ्याला लेखी रिपोर्ट द्यायचा आणि त्याची फी घ्यायची. आपल्या जिल्ह्यात माणूस पाच लाखांची जुनी इर्टिगा ओळखीच्या ड्रायव्हरच्या "चांगली आहे" या एका शब्दावर घेतो. त्याला हजार-पंधराशे रुपयांत खरं सांगणारा माणूस मिळाला तर तो देईल. दलालाकडून कमिशन मात्र घ्यायचं नाही, घेतलं त्या दिवशी रिपोर्टची किंमत शून्य. दुसरं काम समृद्धीवर जाणाऱ्या गाड्यांचं: निघण्याआधी टायरचं वय, हवा, ब्रेक ऑइल, कूलंट तपासून देणं. अर्ध्या तासाचं काम आहे, भांडवल फार नाही, आणि गिऱ्हाईक रोज रस्त्याने जातंय. हॉट हॅच शोधताना जे शिकाल ते सगळं इथे कामाला येतं.

ज्यांच्याकडे छंदाचे पैसे खरंच वेगळे आहेत आणि जे गाडी घेणारच आहेत, त्यांनी काढलेला प्रत्येक मूळ पार्ट धुऊन, नाव लिहून माळ्यावर ठेवायचा: मूळ पॅड, मूळ स्प्रिंग, मूळ एअर फिल्टरचा डबा. प्रत्येक बिल फाइलला. छंदाची गाडी विकायची वेळ कधी तरी येतेच, आणि आपल्याकडे बदल केलेल्या गाडीला गिऱ्हाईक थोडे, कंपनी कंडिशनच्या गाडीला भरपूर. विकायच्या आधी एक रविवार घालून सगळं परत मूळचं बसवा, आणि ट्रॅकचे पॅड वेगळे विका, त्याला पुण्यात गिऱ्हाईक मिळतं.